अमळनेरच्या भिंतीवरची सावली

खुर्चीच्या एका पायाखाली वीट होती. त्यामुळे खुर्ची एका अंगाला कलली होती. मी वाकलो, वीट काढून भिंतीशी ठेवली, खुर्ची चारही पायांवर नीट टेकवली आणि तिच्यावर बसलो. धुळ्याहून एसटीत उभं राहून आलेला माणूस दुसरं काय करणार?

मागून एक मुलगी किंचाळली. "काका, उठा! ती कलाकृती आहे!"

मी उठलो. तिने फोनवरचा फोटो बघत बघत वीट पुन्हा त्याच पायाखाली ठेवली, दोन वेळा सरकवली, गुडघ्यावर बसून मोजपट्टी लावली. वीट सरकवायला मोजपट्टी! त्याच क्षणी मी परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही, आणि पुढचे अठरा दिवस माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

मी धुळ्यात एक्केचाळीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे, पिठाच्या गिरण्यांचे. आता फ्लेक्स छापून मिळतात, तेव्हा नव्या लोकांना सांगावं लागतं की हेही एक काम होतं. आधी पत्र्याला अस्तर द्यायचं, खडूच्या दोरीने रेषा मारायच्या, वितीने आणि बोटांनी अक्षरांची जागा मोजायची, मग खारीच्या केसांच्या ब्रशने एका दमात वळण घ्यायचं. थांबलात की वळणात गाठ दिसते. सगळ्यात शेवटी शेड. शेड म्हणजे अक्षराची सावली. ती नसेल तर नाव पत्र्याला चिकटून बसतं. ती पडली की नाव चार बोटं पुढे येतं आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारतं. उजेड डावीकडून, वरून. सावली उजवीकडे, खाली. सूर्य कुठेही असो, पेंटरचा सूर्य तिथेच.

एका मिठाईवाल्या आबांनी तेवढा एक नियमही माझ्याकडून मोडून घेतला होता. त्यांच्या ज्योतिषाने सांगितलं, नावाची सावली खाली पडली तर धंदा खाली जाईल.

"आबा, सावली वर कशी पडेल?"

"बाकीच्यांची पडत नसेल. आपल्या दुकानाची पडेल. तू मार."

मारली. कित्येक वर्षं तो बोर्ड भर चौकात तसाच होता. मी त्याच्याखालून मान खाली घालून जायचो. माझ्या हातची एवढी मोठी चूक, आणि एका माणसाने कधी विचारलं नाही की ही सावली आकाशाकडे का चालली आहे. गिऱ्हाईक पेढे घेऊन जात होतं. लोक सावलीकडे बघतच नाहीत, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

तर, ब्रश धुऊन ठेवल्यालाही काही वर्षं झाली होती, आणि या किंचाळणाऱ्या मुलीचा फोन आला. ऋतुजा तिचं नाव. चोपड्याकडच्या केळीवाल्या घरातली, कला शिकायला बडोद्याला राहून आलेली. आवाजात घाई.

"काका, तुम्ही सावल्या चांगल्या काढता असं कळलं."

"अक्षरांच्या."

"माणसाची काढाल?"

"माणूस काढीन. सावली बरोबर येईलच."

"माणूस नकोय. नुसती सावली हवी आहे."

मला वाटलं लाईन खराब आहे. मी फोन ठेवला. तिने पुन्हा केला. तीन वेळा केला.

काम असं होतं. अमळनेरला एका बंद पडलेल्या तेलगिरणीचं गोदाम आहे. एका ट्रस्टने ते झाडून-पुसून, छताचे पत्रे बदलून कार्यक्रमांसाठी हॉल केला होता. तिथे ऋतुजा एका जपानी कलावंताच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडत होती. कलावंत वारले आहेत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला ते अठरा दिवसांत एकदाही नीट म्हणता आलं नाही आणि मेलेल्या माणसाचं नाव बिघडवू नये. ते पोरवयाचे असताना युद्धात त्यांचं शहर जळलं. घरं गेली, माणसं गेली, आणि राखेत कुठे एखादी खुर्ची, कुठे किटली तशीच उरली. मोठेपणी ते गृहस्थ त्याच गोष्टीच्या मागे लागले. वस्तू म्हणजे काय, तिची जागा म्हणजे काय, वस्तू नाही पण तिची सावली आहे असं झालं तर आपण नक्की काय बघतो. ते भिंतीवर माणसाची नुसती सावली रंगवायचे, आणि आता प्रदर्शन जिथे लागेल तिथल्या पेंटरने ती नव्याने काढायची असते. हे सगळं ऋतुजाने मला चहा पिता पिता सांगितलं. मी म्हटलं, "पोरी, हे ठीक आहे. पण विटेचं काय?"

"काका, वीट नसती तर तुम्ही खुर्चीकडे बघितलं असतं का?"

"नाही. बसलो असतो."

"तेच," ती म्हणाली, आणि फार मोठं काही सांगितल्यासारखी हसली. शिकलेल्या मुलांचा हा एक त्रास आहे.

ट्रस्टचे सचिव नाना यांचा त्रास वेगळा. ते दिवसातून चार वेळा हॉलमध्ये यायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. "बाई, हॉलभर मांडलंय काय? खुर्ची, वीट, दोर, लाकडाचा ओंडका. हे तर आमच्या गोदामात आधीच पडलेलं होतं, आम्हीच ट्रॅक्टर लावून बाहेर टाकलं. उद्घाटनाला पाहुणे येतील, त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "पेंटर, तुमची सावली तरी मोठी काढा."

मी मोठी काढली. एका दिवसात काढली. टोपीवाला, धोतर नेसलेला पुरुष, पावणेसहा फूट. कडा अशी की ब्लेडने कापल्यासारखी. काळ्यात थोडा पांढरा घालून गुळगुळीत राखाडी. नाना खूष झाले. मीही झालो. हात अजून शाबूत आहे, असं मनात म्हणत मी ब्रश धुतले.

दुसऱ्या दिवशी जपानहून हायाशी बाई आल्या.

सत्तरीच्या पुढची, चणीने बारकी बाई, सुती सदरा, पायात कापडी बूट. त्या कलावंतांच्या हाताखाली त्यांनी तरुणपणापासून रंग कालवले होते. आता त्यांच्या वस्तू जिथे मांडतील तिथे जाऊन तपासणं हे त्यांचं काम. त्या इंग्रजीत बोलायच्या, ऋतुजा मराठीत सांगायची. बाई माझ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जवळ गेल्या, लांब आल्या. मी पाठीमागे हात बांधून शाबासकीची वाट बघत होतो.

शेवटी त्या दोन वाक्यं बोलल्या. ऋतुजाचा चेहरा उतरला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, फार सुंदर बोर्ड आहे."

"आणि?"

"भिंत पांढरी करून घ्या म्हणाल्या."

मी ब्रश पिशवीत घातले आणि चालत बसस्टँडवर गेलो. एक्केचाळीस वर्षांत माझं काम कुणी पुसायला लावलं नव्हतं. ज्या डॉक्टरला नावापेक्षा पदवी मोठी हवी होती, त्यानेसुद्धा नाही. वर ही बाई विमानाने येऊन मला सावली शिकवणार!

धुळ्याची गाडी लागलेली नव्हती. चार वाजून गेले असतील, ऊन तिरपं झालेलं. मी फलाटाच्या कडेला उभा होतो आणि रागाने खाली बघत होतो. खाली माझीच सावली पडली होती. बुटांपाशी तिची कडा चाकूसारखी होती. गुडघ्यांपर्यंत ठीक. खांद्यांपाशी कडा विरली होती, आणि डोकं तर दुधात शाई सांडल्यासारखं, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेच कळत नव्हतं. शिवाय ती काळी नव्हती. फरशीच्या रंगाचीच होती, फक्त थोडी निळसर आणि थकलेली. मी एक पाय उचलला. कडा विरली. टेकवला. कडा आली. एक बाई पोराला घेऊन माझ्यापासून लांब सरकली.

गाडी आली तेव्हा माझा राग दुप्पट झाला होता, कारण ती जपानी बाई खरी निघाली होती. मी आयुष्यभर सावल्या विकल्या होत्या आणि एकही बघितली नव्हती. गाडी सोडून मी परत गेलो. हायाशी बाई हॉलच्या पायरीवर शेंगदाणे खात बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, सरकून जागा केली आणि कागदाची पुडी पुढे धरली. मी घेतले. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

आता रीतसर काम सुरू झालं. भिंतीच्या भेगांत लांबी भरून ती पॉलिश पेपरने घासली, पांढऱ्याचे तीन हात दिले. खिडक्यांना गोणपाट लावून भर दुपारी अंधार केला आणि स्टँडवर दोन दिवे उभे केले. दोन दिव्यांसमोर माणूस उभा राहिला की भिंतीवर त्याच्या दोन फिकट सावल्या पडतात, आणि जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे तिसरी, गडद. हे तिन्ही रंग वेगवेगळे कालवायचे. माणूस भिंतीला जिथे टेकला असेल तिथे कडा धारदार, जिथे लांब असेल तिथे मऊ. मग माणसाला जायला सांगायचं आणि सावली ठेवायची.

माणूस कोण, यावर हायाशी बाईंची अट साधी होती. या जागेत जो नेहमी असतो तो. नाना लगेच सदरा नीट करू लागले. बाईंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बोट दाखवलं. तिथे हिराक्का झाडू मारत होती.

हिराक्का हॉलची झाडलोट करायची. वय तिलाही माहीत नव्हतं, पण माझ्यापेक्षा मोठी होती हे नक्की. तेलगिरणी चालू होती तेव्हा ती याच गोदामात शेंगा निवडायला होती. गिरणी बंद पडली, नवरा गेला, मालक गेले, ट्रस्ट आला, हिराक्का तिथेच. कंबरेत वाकलेली, पण तोंड अजिबात वाकलेलं नाही.

"इतली मोठी भित," ती म्हणाली, "आनि काढनार काय, तर सावली! मन्हा नातू बी काढी देई."

"अक्का, उभी राहा फक्त. हात भिंतीतल्या दाराच्या चौकटीला लाव."

"आनि मी घर गई का मंग ती कोनी?"

मी घरी गेल्यावर ती सावली कुणाची, हे ऋतुजाने हायाशी बाईंना सांगितलं. बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं. पान पान समजावून ऋतुजाला जे मला सांगता आलं नव्हतं, ते हिराक्काने झाडू हातात धरून विचारलं होतं. पण कौतुक पुरे. हिराक्का उभी राहायला महा वाईट. दर मिनिटाला हलायची. कधी डोक्यावरचा पदर सारखा करायची, कधी दारात कोण आलं म्हणून वळून बघायची, कधी मुकादम कसा होता ते सांगताना त्याची चाल करून दाखवायची. माझी पेन्सिल भिंतीवर आणि हिची सावली तीन वीत पुढे.

"अक्का, हलू नकोस ना!"

"मी कोठे हालस? दिवा हालस."

कशीबशी बाह्यरेषा झाली. दोन दिवसांत मी रंगाचे दोन पातळ हात दिले. खरं सांगतो, असं काम मी आधी केलं नव्हतं. भिंतीतून कुणी वर येतंय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट काढले, आणि हिराक्काने ती उजेडात पहिल्यांदा पाहिली.

तिने झाडू खाली ठेवला. ही गोष्ट नवीन होती.

"मी इतली वाकी गई?" तिने विचारलं.

तिच्या घरी आरसा असेल, पण आरशात माणूस तोंड बघतो. पाठ कोण बघतं? मी ब्रश पुसत राहिलो.

"भाऊ, सरळ कर ना माले. आठेच मी शेंगास्ना पोता उचलेल शेत. दखनारा काय म्हनतीन?"

याच गोदामात तिने शेंगांची पोती उचलली होती. मी गिऱ्हाइकाचा माणूस. ज्याने मागितली त्याला वर जाणारी सावली दिली, तर हिला सरळ पाठ द्यायला माझं काय जात होतं? दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी पाठीचा बाक दोन बोटं भरून काढला, मान थोडी उचलली. हायाशी बाई आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि सरळ त्या दोन बोटांवर नजर ठेवली.

"ही कुणाची सावली आहे?" ऋतुजाने मला त्यांचा प्रश्न सांगितला.

"हिराक्काची."

बाईंनी मान हलवली. "नाही. ही तुमची आहे."

मग मात्र मी भडकलो. म्हटलं, "त्यांना सांग, ती बाई दुखावली आहे. तुमच्या मेलेल्या साहेबांना तिचं काय? ते येणार आहेत का बघायला?" ऋतुजाने सगळं सांगितलं की नाही कोण जाणे, पण हायाशी बाईंचा चेहरा लाल झाला. त्या हळू आवाजात म्हणाल्या की नियम क्रूर नाही. जी सावली पडेल ती काढायची, एवढाच नियम आहे. पडली नाही ती काढायची नाही.

हिराक्का कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने ऋतुजाची ओढणी ओढून विचारलं, "काय म्हनस ती?" ऋतुजाने सांगितलं.

"मंग सरळ उभं ऱ्हावानं शे ना?" हिराक्का उठली. "ऱ्हास मी. कर पांढरी भित."

दुसऱ्यांदा भिंत पांढरी केली. रंगवाल्या दुकानदाराने मला विचारलं, घर बांधताय का काका?

ती भिंत वाळल्यावर हिराक्का धुतलेलं लुगडं नेसून आली. दिवे लावले. तिने उजवा हात चौकटीला लावला, तळवा दाबला आणि हातावर जोर देत देत स्वतःला वर ढकललं. जुन्या दाराचा अडसर सरकवावा तशी. डोळे मिटलेले, ओठ आत ओढलेले. भिंतीवरची सावली इंचाइंचाने उंच होत गेली, आणि एका क्षणी तिथे एक वेगळीच बाई उभी होती. ताठ, रुंद खांद्यांची, एक हात दाराला लावून कुणालातरी आत यायचं असेल तर आधी मला विचारा, असं म्हणणारी.

"काढ," ती म्हणाली. गप्पा नाहीत, मुकादम नाही.

मी आधी पाठ धरली, कारण ती पहिली जाणार हे मला माहीत होतं. पाठ, मान, डोकं, मग पदराची कड, मग हात. एवढी सरळ धावणारी रेषा मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. कंबरेपर्यंत आलो तेव्हा तिच्या मांड्या थरथरत होत्या. भिंतीवर सावली थरथरत होती, आणि ती थरथर वगळून मी मधली रेषा पकडत होतो. हायाशी बाईंनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

मी म्हटलं, "दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं मला लागणार नव्हती. पायांच्या रेषा मी नंतरही काढू शकलो असतो. पाय कुठे हलणार होते? पण रेषा चांगली चालली होती. पेंटरचा हात चालू असला की त्याला माणूस दिसत नाही, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखं ते नाही.

काम झालं. हिराक्का बसली, हसली, पाणी प्यायली. "झाली ना सरळ?" दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, ती अंथरुणावर आहे, कुशीवरही वळता येत नाही. मी केळी घेऊन भेटायला गेलो. सून दारातच उभी राहिली.

"भाऊ, तुम्हले काही समजस का? या उमरमा तिले काय उभं करतस?"

मी केळी पुढे धरली. आतून हिराक्काचा आवाज आला, "त्याले बोलू नको. माले कोनी उभं करं नही." पण सुनेने मला आत घेतलं नाही. केळी घेतली.

पुढचे आठ दिवस मी रंग दिला. पांढऱ्यात कणभर काळा, कणभर निळा, सुईच्या टोकावर मावेल एवढा गेरू. एकावर एक नऊ पातळ हात. कोरड्या ब्रशने कडा उडवायची, इतकी की हाताला वाटावं आपण काही करतच नाही. हायाशी बाई रोज माझ्या मागे स्टुलावर बसायच्या. एकदा मी डोक्याची कडा चुकवली तेव्हा त्यांनी नुसता श्वास घेतला, आणि मला कळलं.

उद्घाटन झालं. पाहुणे आले, हार झाले. फोटोवाल्याने पाहुण्यांना नेमकं त्याच भिंतीपुढे उभं केलं. पाहुण्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि मागे न वळता म्हणाले, "ओ मावशी, जरा बाजूला सरका, फोटोत येताय."

कुणीच सरकलं नाही. पाहुणे वळले. मग ज्या बाईची ती सावली, तिला शोधायला स्वतःच्या पाठीमागे बघू लागले. हायाशी बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. इथे आल्यापासून पहिल्यांदा. नानांच्या भाषणात मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, चहावाल्याचे आभार होते. हिराक्काचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं, पण मला सवय आहे. बोर्डावर पेंटरचं नाव कोण वाचतं?

दीड महिना प्रदर्शन होतं. माझं काम संपलं होतं, तरी काही ना काही निमित्त काढून मी दोन-तीनदा जाऊन आलो. शाळेची मुलं स्वतःच्या सावलीचा हात तिच्या हातात द्यायची. एक शेतकरी गृहस्थ दाराच्या चौकटीमागे जाऊन बघून आले आणि माझ्याकडे संशयाने बघू लागले. विटेची खुर्ची तीन जणांनी सरळ केली. मला त्यांचं काहीच वावगं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी हिराक्का आली. हातात काठी, बरोबर तीच सून. पूर्वीपेक्षा जास्त वाकली होती. ती भिंतीपाशी गेली, आणि समोरच्या मोठ्या दाराच्या उजेडात तिची खरी सावली त्या रंगवलेल्या सावलीच्या शेजारी पडली. एक ताठ, एक वाकलेली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. वाटलं, ही आता मला विचारणार.

ती त्या ताठ बाईकडेच बघत होती.

"पोतं ठेवीसन उभी शे ती," ती म्हणाली. पाठीवरचं पोतं खाली ठेवून उभी राहिलेली बाई. सुनेला दाखवलं, "दख, पोतं ठेवीसन." सुनेने भिंतीला हळूच हात लावून बघितला.

तेवढ्यात ऋतुजा कागद घेऊन आली आणि मला बाजूला घेतलं. जपानच्या करारात लिहिलं होतं की प्रदर्शन संपेल त्या दिवशी भिंत पांढरी करायची आणि तिचा फोटो पाठवायचा. सावली त्या जागेपुरती, त्या दिवसांपुरती. हायाशी बाई महिन्यापूर्वीच जपानला परत गेल्या होत्या. त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं, आणि या मुलीनेही नाही.

"अठरा दिवस!" मी ओरडलो. "तीन वेळा भिंत, नऊ हात रंग, एका बाईची कंबर! आणि आता पांढरं?"

नाना धावत आले. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. "राहू द्या की. जपानहून कोण बघायला येतंय? खाली ट्रस्टचं नाव टाकू, पेंटर टाकतील."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाना, मी सही केली आहे. काका, तुम्ही तरी..."

"मी करणार नाही. दुसरा पेंटर बघ."

आमचा आवाज हॉलभर घुमत होता. हिराक्का काठी टेकत आमच्यापाशी आली. "कसानं भांडण शे?" ऋतुजाने सांगितलं. हिराक्काने ऋतुजाने आणून ठेवलेल्या पांढऱ्या रंगाच्या डब्याकडे बघितलं, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"बठ्ठं पांढरं करनं शे ना? आन आठे. मी मारस."

"अक्का, तुझी कंबर..."

"दिवाळीले हाई बठ्ठं गोदाम मी चुनानं काढेल शे. तू माले काय शिकाडस?"

तिने रोलर घेतला. सून डबा धरून उभी राहिली. हिराक्का पायांपासून सुरू झाली. घोटे गेले, लुगड्याचा घोळ गेला, मग कंबर, मग ती पाठ, जी मी आधी धरली होती. न थांबता, तोंडाने मुकादमाला शिव्या घालत. खांद्यापाशी आल्यावर तिचा हात थांबला. त्याच्या वर तो जाईना. तिने काठीवर भार देऊन पाहिलं, टाचा उचलून पाहिलं. वर ताठ बाईचं डोकं आणि पदराची कड तशीच राहिली, तिच्या हातभर पलीकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "तेवढं तू कर."

मी रोलर घेतला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या भिंतीवर फिरवला. रंगाच्या एका हाताने डोकं गेलं नाही. दुसऱ्यानेही दिसत होतं. तिसऱ्यालाही कुठेतरी होतं, मला दिसत होतं. चौथ्याला भिंत कोरी झाली. ऋतुजाने फोटो घेतला. मी तसाच उभा होतो, तर खालून पायावर ओलं फडकं आपटलं. हिराक्का फरशीवर सांडलेले थेंब पुसायला बसली होती आणि मी तिच्या मध्ये येत होतो.

"पाय उचल ना भाऊ," ती खेकसली. "वाळी गया म्हंजे निघाव नही."